हजेरीतले नाव

पहिलीच्या वर्गाची पहिल्या दिवशी हजेरी घेणे हा एक निष्फळ, तरीही चुकवता न येणारा विधी आहे. मी खुर्चीवर बसते, नवा कोरा हजेरीपट उघडते, आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव या क्रमाने पहिली ओळ मोठ्याने वाचते, आणि कोणीही काही बोलत नाही. दुसरी ओळ वाचते. तिलाही उत्तर नाही. समोर अठरा मुले बसलेली असतात. त्यांतली चार रडत असतात, दोघांची नजर दारावर खिळलेली असते, एक जण दप्तराच्या चेनची उघडझाप करण्यात रमलेला असतो, आणि उरलेली माझ्याकडे अशा कुतूहलाने पाहत असतात, की मी त्यांना परगावच्या कोणा लोकांची यादी वाचून दाखवत असावे. त्यांच्या बाजूने पाहिले तर ती यादी परक्यांचीच असते. कागदावर दाखल झालेल्या अठरा जणांची आणि सतरंजीवर बसलेल्या अठरा पोरांची गाठ अजून पडायची असते.

धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीपासून फार दूर नसलेल्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. जूनच्या मध्याला शाळा उघडते. विदर्भात ऊन लवकर ओसरत नाही म्हणून तिकडची मुले आणखी आठवडाभर घरी असतात. आमच्याकडे तोवर मृग लागून गेलेला असतो, कपाशीच्या लागवडीची घाई असते, आणि आईबाप पोराला फाटकाशी सोडून, डोळे पुसत नव्हे तर घड्याळ पाहत, शेताकडे निघतात. आत प्रवेशोत्सव चाललेला असतो. तोरण, रांगोळी, फुगे, नव्या पुस्तकांचा संच, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर उमटवलेली इवलीशी पावले आणि दुपारी खिचडीच्या जोडीला गोड शिरा. या सोहळ्यात सहसा कोणी रडत नाही, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहून ठेवले आहे. पावलांचे ठसे देताना मुले हसतात. रडे सुरू होते ते हजेरीला, कारण तेथे प्रथमच त्यांना कोणीतरी अनोळखी नावाने हाक मारते.

खानदेशात या प्रकाराला एक खास कारण आहे. घरातला पहिला नातू झाला की त्याला आजोबांचे नाव देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मात्र ते नाव घरातल्या सुनेने उच्चारायचे नसते आणि आजीने तर नाहीच नाही. मग त्या तान्ह्या बाळाला हाक कशी मारायची? तर आजोबांना ज्या आदराने हाक मारत, त्याच आदराने. म्हणून माझ्या वर्गात शेंबूड पुसत बसलेले आबा आहेत, पेन्सिल हरवली म्हणून हुंदके देणारे नाना आहेत, खिडकीच्या गजांवर चढणारे अप्पा आहेत, आणि मुलींमध्ये माई, अक्का, जिजी अशी सगळी वडीलधारी मंडळी आहेत. मी माहेरची पुणे जिल्ह्यातली. नव्याने येथे आले तेव्हा, ‘आबांनी चड्डीत शू केली’, असे एका सहा वर्षांच्या मुलीने गंभीरपणे येऊन सांगितले, तेव्हा मी प्रथम गावातल्या म्हाताऱ्यांचा विचार केला होता. आता सवय झाली आहे. गेल्या जूनमध्ये तर माझ्याकडे तीन आबा होते, तिन्ही एकाच भाऊबंदकीतले, एकाच आडनावाचे.

त्या तिघांतल्या सर्वांत लहानखुऱ्या आबाची ही हकिगत आहे. त्याचे हजेरीतले नाव मी येथे घेत नाही. ते चार अक्षरी, जुन्या वळणाचे आणि भारदस्त आहे एवढे सांगते. पहिल्या दिवशी ते मी तीनदा वाचले. तो माझ्यासमोर दीड हातावर बसून छताच्या पंख्याकडे पाहत होता. शेवटी मी विचारले, ‘तुझे नाव काय, बाळा?’ तर म्हणाला, ‘आबा.’ पूर्ण नाव विचारले, तर थोडा विचार करून अहिराणीत म्हणाला, ‘आमना आबा’, म्हणजे आमचा आबा. घरात आई, आजी, काकू त्याला ज्या शब्दांत हाक मारत, ते सगळे शब्द त्याने जमेस धरले होते. याहून पूर्ण नाव त्याच्यापाशी नव्हते. त्यानंतर त्याने ओठ काढला आणि ‘माले घर जानं शे’ (मला घरी जायचे आहे) एवढे एकच वाक्य मधल्या सुटीपर्यंत लावून धरले.

यावर माझा नेहमीचा उपाय म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या. पुठ्ठ्याच्या गोल तुकड्यावर ठळक अक्षरांत नाव लिहायचे, त्याखाली स्केचपेनने एक चित्र काढायचे आणि पिनेने सदऱ्यावर टाचायचे. नाव वाचता येते ते मला; मुलांना येते ते चित्र. कोणाला पतंग, कोणाला छत्री, कोणाला चमचा (त्या मुलीला चमचा का दिला ते आता आठवत नाही, तिने मात्र तो वर्षभर लक्षात ठेवला). लहानग्या आबाच्या वाट्याला मासा आला होता आणि त्याच्या शेजाऱ्याच्या वाट्याला आंबा. आंबा मोठा आणि पिवळा होता, मासा मला नीट जमला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नकळत दोघांनी आपसांत समजुतीने सौदा केला आणि चिठ्ठ्या बदलल्या. पुढचे दोन दिवस मी याला त्याच्या आणि त्याला याच्या नावाने हाक मारत होते, आणि नवल म्हणजे, तोवर हजेरीची रीत थोडीफार उमगलेली ही दोन्ही पोरे छातीवरच्या चिठ्ठीकडे बघून इमानेइतबारे ‘हजर’ म्हणत होती. एकाच्या ताईने, म्हणजे चौथीतल्या मुलीने, माझ्या निदर्शनास आणून दिले तेव्हा कुठे उलगडा झाला. नाव ही सदऱ्याला टाचण्याची वस्तू आहे आणि आवडले नाही तर ते बदलून घेता येते, असे त्यांचे सरळ मत होते. मला ते खोडून काढता आले नाही. मी फक्त मासा पुसून तिथे वाघ काढला.

सरकारी कागदांचे मत मात्र याच्या अगदी उलटे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा शाईने नाव चढले की ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तेथून पुढच्या शाळेत, तेथून दहावीच्या गुणपत्रिकेवर, आणि मग ते माणसाच्या मागे आयुष्यभर चालत राहते. पुढे ते बदलायचे म्हटले तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. या रजिस्टरात जून महिन्यात नोंदी करताना माझा हात अजूनही जड होतो, आणि त्यालाही कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीच्या नावातली पहिली वेलांटी मी दुसरी काढली होती. ती मुलगी चौथीत गेल्यावर एकदा टेबलाशी आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, ‘मॅडम, माझी वेलांटी ऱ्हस्व आहे.’ त्या एका वेलांटीसाठी प्रस्ताव, जन्मदाखल्याची प्रत, वरची मंजुरी असे सगळे सोपस्कार करावे लागले. शुद्धलेखनावर मी तिला चार वर्षे बोलत आले होते, हे आठवले की आजही कानशिले तापतात.

त्यामानाने जुने गुरुजी निर्धास्त असावेत. आमच्या शाळेच्या कपाटात कापडी बांधणीची जुनी रजिस्टरे आहेत. त्यांतल्या काही पानांवर जन्मतारखेचा रकाना वरून खालपर्यंत वाचला तर १ जून, १ जून, १ जून अशी ओळ लागते. जन्माची नोंद घरी नाही, आईला एवढेच आठवते की त्या साली पूर आला होता. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत, आणि कान हाती लागला की पोर सहा वर्षांचे झाले असे समजून शाळा सुरू होण्याच्या बेताची एक सोयीची तारीख लिहून टाकत. त्या पिढीतले सरकारी नोकर ३१ मे रोजी घाऊक निवृत्त होत आले आहेत, त्याचे मूळ या रकान्यात आहे. आता ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावीत असा हिशेब असतो, जन्मदाखला असतो, आधार कार्ड असते, आणि दोहोंवरच्या नावांत एका अक्षराचा फरक हमखास असतो. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. पण आधारवरचे नाव आणि रजिस्टरमधले नाव जुळले नाही तर संगणक जो नकार देतो, त्याला कायदा वाचून दाखवता येत नाही. कान धरण्याची पद्धत यापेक्षा वाईट होती असे मला वाटत नाही. निदान त्यात मूल हसत असे.

या नावात आता आणखी एक शब्द येणार आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव राज्यात शासकीय कागदपत्रांवर आधी बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहावयाचे आहे. ती मुले २०३० च्या जूनमध्ये माझ्यापुढे सतरंजीवर येऊन बसतील. मला त्या हजेरीची आतापासून उत्सुकता आहे, कारण पहिलीतल्या मुलांना हजेरीतला ओळखीचा भाग सापडतो तो स्वतःच्या नावात नव्हे, तर बापाच्या नावात. ‘अरे, हे तर पप्पांचं नाव!’ असा प्रकाश पडला की मगच ती मान वर करतात. आईचे नाव कानावर पडले तर काय होईल? काहींना आई म्हणजे आई, तिला नाव असते हेच ठाऊक नसते. ती बातमी त्यांना माझ्याकडून मिळेल.

हळूहळू जुळते सगळे. ‘हजर’ हा शब्द मुलांना फार आवडतो, असे माझे निरीक्षण आहे. शेजारच्या शाळेत ‘येस मॅडम’ म्हणतात, कोठे ‘उपस्थित’ म्हणवून घेतात. मी ‘हजर’ सोडलेला नाही. हजेरी, दाखला, दप्तर, शाई असा शाळेचा अर्धा संसार अरबी-फारसीतून आपल्याकडे येऊन मुरला आहे. ‘इयत्ता’ तेवढी संस्कृत. त्यात ‘हजर’ तीन अक्षरांचा, सुटसुटीत, आणि ओरडून म्हणता येण्याजोगा. दुसऱ्या आठवड्यात मुले स्वतःच्या नावाला ‘हजर’ म्हणतात, त्याच उत्साहात शेजाऱ्याच्या नावाला म्हणतात, आणि न आलेल्या मुलाच्या नावालाही दोघे-तिघे मिळून म्हणतात. नंतर नाव लिहून पाहण्याची हौस सुटते. येथे पुस्तकाची आणि त्यांची गाडी वेगळ्या रुळांवर धावू लागते. पुस्तकाला आधी काना-मात्रा नसलेली सोपी अक्षरे द्यायची असतात, आणि ज्याच्या नावात रफार किंवा जोडाक्षर आहे त्याला ते आजच, आत्ता, पाटीवर हवे असते. मी पुस्तक बाजूला ठेवते. स्वतःच्या नावाचे जोडाक्षर मुलाला कधीच अवघड जात नाही.

जून संपत आला होता. दुपारची वेळ, पावसाची रिपरिप, मुले जेवणाआधी हात धुवायला शाळेच्या मागच्या नळावर गेलेली. तेवढ्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेली एक म्हातारी वर्गाच्या दाराशी आली. तिला मी प्रथमच पाहत होते. ‘आबाले लेवाले उनू’, आबाला न्यायला आले, असे ती म्हणाली. मी विचारले, कोणता आबा? ‘आमना आबा.’ माझ्याकडे तीन आबा आहेत आणि तिघांचे आडनाव एकच आहे, हे मी तिला समजावून सांगितले आणि नातवाचे नाव विचारले. तिने पदर तोंडाशी नेला. मग माझ्या ध्यानात आले. तिच्या मुलाचे नाव विचारले, तर म्हणाली, ‘बापू.’ पाळण्यातले नाव? पदर आणखी वर गेला, कारण तो तिच्या सासऱ्यांच्या नावाचा. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळी घेऊन ओसरीवर येऊन उभ्याच राहिल्या होत्या. ‘उखाणा घे ना, माय’, त्या म्हणाल्या. म्हातारी लाजली; धनी जाऊन पुष्कळ वर्षे झाली असावीत, तरी लाजली. मग हजेरीपटाकडे बोट दाखवून मला म्हणाली, ‘तुमना वहीमा लिखेल शे ना.’

मी हजेरीपट उघडला आणि तिन्ही आबांची नावे एकेक करून वाचू लागले. पहिल्याला तिने मान हलवून नाही म्हटले. दुसरे, ते चार अक्षरी भारदस्त नाव मी वाचले, तेव्हा तिने नजर खाली घातली आणि पदर कपाळावर ओढून घेतला. आणि तिच्या मागून, ओल्या हातांचे पाणी चड्डीला पुसत, दारात येऊन उभा राहिलेला आमचा आबा खणखणीत आवाजात म्हणाला, ‘हजर!’