परसातला भोपळा, परसातली स्ट्रॉबेरी

लाल भोपळ्याच्या वेलावर पहिली फुले आली ती सगळी नर होती आणि एकामागून एक गळून गेली. त्यावरून घरात कुजबुज झाली, पण या वेलावर नर फुले आधी आणि मादी फुले मागाहून येतात, हे ठाऊक असल्यामुळे मी निश्चिंत होते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, त्यामुळे ते ओळखणे सोपे जाते. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटून जाते. बागेत मधमाश्या क्वचितच दिसत असल्याने मी सकाळीच ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून टाकून, त्याचा परागांनी माखलेला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवू लागले. पराग अपुरे पडले, तर फळ लहानपणीच पिवळे पडून गळते किंवा एका अंगाने खुजे राहते.

भोपळा किती दिवस टिकणार, हे बरेचसे तोडणीच्या वेळीच ठरते, असे माझे मत झाले आहे. सालीची चकाकी गेली, नख दाबूनही आत रुतेना आणि देठ वाळून खरखरीत झाला, की मगच मी तो कात्रीने कापत असे. देठ चांगला लांब ठेवायचा आणि त्याला धरून भोपळा उचलायचा नाही, कारण देठ निखळला की तिथूनच सड सुरू होते. नंतर २७ ते ३० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेशीर जागी सुमारे दहा दिवस ठेवल्यावर साल अधिक टणक होते आणि किरकोळ ओरखडे भरून येतात. पुढे कोरड्या, गार जागी, एकमेकांना न चिकटवता ठेवले की काही महिने काळजी नसते. अखंड भोपळा फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. १० अंशांखालची थंडी त्याला मानवत नाही.

स्ट्रॉबेरीला एवढा धीर नसतो. ती तोडल्यानंतर गोड होत नाही, म्हणून देठापर्यंत लाल झाल्यावरच हिरव्या टोपीसकट खुडायची आणि वापरायच्या अगदी आधी धुवायची. ओली ठेवली तर लगेच बुरशी धरते. जास्तीची फळे मी ताटात सुटी पसरून फ्रीझरमध्ये गोठवली आणि मग पिशवीत भरली, म्हणजे त्यांचा एक गोळा होत नाही.

उरलेल्या फळांचा जॅम केला. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी असतो, म्हणून लिंबाचा रस लागतोच. त्यातल्या आम्लाशिवाय पेक्टिनची जाळी नीट बसत नाही. फळे रात्रभर साखरेत मुरवली, की त्यांना रस सुटतो आणि शिजताना ती फारशी फुटत नाहीत. रुंद पातेल्यात, थोडाथोडाच घाणा घेऊन, मोठ्या आचेवर भरभर आटवणे मला पटले, कारण फार वेळ उकळत राहिले की पेक्टिनच मोडते आणि रंगही काळपट होतो. समुद्रसपाटीला जॅम साधारण १०५ अंशांवर जमतो. तरी माझा विश्वास गार बशीवर अधिक आहे. बशीवर थेंब टाकून थोड्या वेळाने बोटाने सरकवला आणि त्यावर सुरकुती पडली, की गॅस बंद.

भोपळा भाजून काढलेला गर असाच बाटल्यांत भरून ठेवावा, असा मोह बहुतेकांना होतो, आणि तो धोक्याचा आहे. स्ट्रॉबेरी मुळातच आंबट असते, म्हणून तिच्या जॅमला ही भीती नसते. भोपळ्यात मात्र आम्ल फारच कमी असते आणि हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे) जीवाणू वाढून विष तयार करू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रेशर कॅनरमधील (बाटल्या वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या भांड्यातील) उच्च तापमान लागते, आणि तिथेही घोटलेला गर चालत नाही, कारण तो इतका दाट असतो की मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून मी गर फ्रीझरमध्येच ठेवते. वितळल्यावर त्याला पाणी सुटते. सूपसाठी ते तसेच राहू द्यावे, केकसाठी मात्र फडक्यात बांधून निथळून घ्यावे.