गणपतीच्या आधीचा रविवार आणि आमचं रग्बी

आमच्या क्लबचं स्नेहसंमेलन म्हणा, गेट टुगेदर म्हणा, दरवर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारीच व्हायचं, कारण एकदा गणपती बसले की अर्धी टीम कोकणात. आणि मुंबईत रग्बी पावसाळ्यातच खेळतात, मैदान मऊ असतं म्हणून, एरवी त्या टणक मातीवर कुणाला टॅकल करायचं, म्हणजे धरून खाली पाडायचं, तर दोघांचेही कोपर-गुडघे सोलून निघणार.

सकाळी जुने विरुद्ध नवे अशी मॅच. जुन्यांत पोट सुटलेले, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलेले, पण स्क्रमला (दोन्ही टीमचे पुढचे खेळाडू वाकून, एकमेकांत अडकून बॉलसाठी रेटारेटी करतात ती) खांदा लावला की तेच दादा नव्या पोरांना मागे रेटत न्यायचे. आमची बहुतेक पोरं कबड्डीतून आलेली, त्यामुळे मांडीची पकड शिकवावी लागली नाही, पण सोडणं शिकवावं लागलं! कबड्डीत रेडरला धरलं की दम सुटेपर्यंत धरून ठेवायचं, आणि इथे माणूस खाली पाडला की लगेच सोडायचा नाहीतर पेनल्टी. आमचे कोच, म्हणजे सर, बाहेरून घसा फोडून "सोड, अरे सोड त्याला" ओरडायचे ते अजून कानात आहे. बॉल हाताने पुढे द्यायचा नाही, मागेच द्यायचा, हेही पचायला अख्खा सीझन जायचा.

मग चिखल धुवून एकाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ताडपत्रीखाली वडापाव, काकूंचा आल्याचा चहा, आणि सरांची कलकत्त्याची गोष्ट. सगळ्यांना पाठ होती तरी कोणी उठायचं नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंडची माणसं एका बाजूला आणि स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सची दुसऱ्या बाजूला अशी मॅच झाली, वीस-वीस जणांची, त्यातून क्लब निघाला, पण पाच-सहा वर्षांत मेंबर गळाले, लोक पोलोकडे वळले. तेव्हा उरलेल्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप बनवला, नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. तोच कलकत्ता कप, १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतायत. बंद पडलेल्या छोट्या क्लबचा कप! सर हे सांगताना दरवेळी हळवे व्हायचे, आणि खरं सांगतो मीही व्हायचो, कारण आमच्याही क्लबात एका वर्षी टीमपुरती पंधरा पोरं जमवायची मारामार झाली होती.

रग्बीची ऑल इंडिया टूर्नामेंट १९२४ पासूनची. ती बॉम्बे जिमखान्यावर असली की आम्ही सगळे तिकडे, जिथे १९३३ साली आपल्याकडची पहिली क्रिकेट टेस्ट झाली त्याच मैदानावर कलकत्त्याची टीम नाहीतर आर्मीवाले चिखलात लोळताना बघायचे, भर पावसात, छत्री उघडली तर मागचे ओरडतात म्हणून भिजत. १९९८ ला भारत पहिली इंटरनॅशनल मॅच खेळला सिंगापूरशी, तेव्हा गच्चीवर दुसरा विषयच नव्हता, त्यात सिनेमातला राहुल बोस होता म्हणून घरच्यांनाही एकदाचं कळलं आम्ही नेमकं काय खेळतो ते.

आता मुलींची टीम पण आहे, त्याही कबड्डी-खोखोवाल्या, आणि खोखोच्या पोरीला मोकळी जागा दिसली की मग ती हाताला लागत नाही. माझ्या मते क्लब आता त्यांच्याच जोरावर चाललाय. ह्या वर्षी पहिली मॅच त्यांची ठेवलीये, जुन्यांनी जरा लवकर या, जर्सी सरांच्या घरी आहेत.