मुंबईचं विमान अहमदाबादला

काल नागपूरहून मुंबईला निघालो आणि उतरलो अहमदाबादला. मुंबईत धो धो पाऊस, अर्धा तास वरच घिरट्या, मग कॅप्टन म्हणाले आता इथे थांबता येणार नाही. शेजारच्या आजी मांडीवरचा संत्रा बर्फीचा डबा घट्ट धरून मला विचारतात, "बाळा, पेट्रोल संपलं का रे?"

संपलं नव्हतं आजी, पण नियमच तसा आहे, पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढं आणि वर आणखी ३० मिनिटांचं इंधन राखून ठेवावंच लागतं, त्याला हात लागायच्या आत वळायचं. त्यात मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच वापरता येतो, पावसात रांग लागणारच.

विमान कंपन्या उशिराचं कारण आयाटाच्या, म्हणजे त्यांच्या जागतिक संघटनेच्या, आकडी कोडमध्ये नोंदवतात. ७२ म्हणजे उतरायच्या ठिकाणचं हवामान. ९३ म्हणजे मागचं विमानच उशिरा आलं. आमचं विमान पुढे जिथे जाणार होतं तिथल्या उशिरासमोर बहुतेक ९३ लागला असेल, पाऊस त्या नोंदीत दिसतच नाही, हे मला खरंच खटकतं. आणि आम्हाला दोन तास आत बसवून कुणी धड काही सांगितलं नाही, राग आला तो त्याचा, वळवल्याचा अजिबात नाही. कॅप्टननी बरोबरच केलं.

रात्री दोनला मुंबईत उतरलो. आजींचा नातू ओलाचिंब होऊन बाहेर उभा होता, आजींनी आधी डबाच त्याच्या हातात दिला.