भर चौकात बंद पडणारी गाडी आणि वीतभर पट्टी

गेल्या जानेवारीत आमची गाडी भर चौकात, डावीकडे वळता वळता बंद पडली. इकडे सगळे रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे डावं वळण म्हणजे समोरून येणाऱ्या रहदारीला आडवं जाणं. नेमकी तिथेच डॅशबोर्डवरची सगळी लाल-पिवळी चित्रं एकदम पेटली, काटे खाली आले आणि इंजिनाचा आवाज गेला. स्टिअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अरे, आधी चारी इंडिकेटर लाव." ते लावले, गिअर न्यूट्रलला घेतला, चावी फिरवली. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण ती त्या दिवशी मला ठाऊक असायला हवी होती. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लगेच जात नाहीत. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यावर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखे लागतात. म्हणून पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा. आणि गाडी हलत असताना चावी पार मागे फिरवून काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

गाडी १७ वर्षांची सेडान, आम्ही इकडे आलो त्याच वर्षी जुनी म्हणून घेतलेली. चावीची, आणि पेडलपासून इंजिनपर्यंत धातूची तार जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अॅक्सिलरेटरची. माझा तिच्यावर जीव आहे, आणि आम्ही राहतो तिथून कामावर जायला दुसरी सोयही नाही.

त्या दिवसानंतर प्रकार वाढत गेले. घड्याळ आपोआप बाराला येऊन बसायचं. सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंद व्हायचे, वायपर रेंगाळायचे. सकाळी सेल्फ मारला की इंजिन दमल्यासारखं फिरायचं. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी बंद, तीही नेहमी उभी असताना किंवा वेग अगदी कमी झाल्यावर. मोठ्या रस्त्यावर वेगात एकदाही नाही.

गॅरेजमध्ये बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. नवी बॅटरी बसवली. दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग, बदलला. पुन्हा आठवडाभर बरं, आणि एका संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दारात गाडी थांबली ती थांबलीच. मला त्या माणसांचा राग नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरीवर संशय जाणं साहजिक आहे. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी थंडीने घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पण कोड फक्त एवढंच सांगतो की व्होल्टेज कमी झालं. ते कुठे गळतंय हे कोडला कळत नाही, ते मीटर हातात घेऊनच शोधावं लागतं.

खरी दिशा बायकोने दाखवली. ती प्रत्येक वेळी फोनमध्ये लिहून ठेवत होती: तारीख, पाऊस की बर्फ, काय काय चालू होतं. एका रात्री तिने ती यादी माझ्यासमोर धरली. "बघ ना, नऊपैकी आठ वेळा मागची काच तापवायचं बटण चालू होतं. आणि ब्लोअर मोठा." तो काचेचा हीटर एकटाच १५-२० अँपिअर खातो. म्हणजे विजेचा भार चढला आणि इंजिन मंद गतीवर आलं की हे घडत होतं.

मग शनिवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू करून सगळं ओझं टाकलं, हेडलाइट, ब्लोअर, काचेचा हीटर. अल्टरनेटरवर, म्हणजे त्याच्या जाड वायरीपासून त्याच्याच अंगापर्यंत, १४.१ व्होल्ट. बॅटरीवर मात्र १३.२. नवा अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, पण जवळपास एक व्होल्ट वाटेत हरवत होता. अशा अर्धपोटी चार्जिंगवर नवी बॅटरीसुद्धा हळूहळू उतरणारच.

(अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जुनी सवय अनेकांना आहे. कृपा करून तसं करू नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो.)

पुढची चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बायकोने सेल्फ मारायचा. दोन्ही टोकं अर्थच आहेत, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या निगेटिव्ह रस्त्यावरची, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं, फार तर ०.२. आमचा मीटर २.१ वर गेला. ती आतून ओरडली, "किती?" मी सांगितलं, आणि खात्री करायला पुन्हा मारायला लावला. पुन्हा २.१. त्या गडबडीत माझा हात अॅक्सिलरेटरच्या तारेला लागला, तर ती चक्क कोमट! इंजिन गार, बाहेर बर्फ, आणि ती तार गरम. अर्थचा खरा रस्ता तुटला की करंट जी वाट मिळेल ती धरतो, मग ती वाट अॅक्सिलरेटरची तार का असेना.

आमच्या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जातं, आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक वीतभर पट्टी आहे. सेल्फचा शे-दीडशे अँपिअरचा करंट तिच्यातून जातो, अल्टरनेटरचा परतीचा रस्ताही तोच. इकडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते खारं पाणी खालून सगळीकडे उडतं. पट्टी वरून धड दिसत होती. बोल्ट सोडवून प्लॅस्टिकचं वेष्टण मागे सरकवलं तर आतून हिरवी भुकटी गळाली. निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या पडलेल्या. सिग्नलला इंजिन मंद चालताना जास्त थरथरतं, त्या थरथरीत उरलासुरला जोड क्षणभर सुटायचा. ईसीयूची अर्थ वायरही इंजिनच्या अंगालाच बसवलेली. पायाखालची जमीनच हलल्यावर तो बिचारा काय करणार, इंजिन बंद व्हायचं.

नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांची जागा धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळले, वरून ग्रीस लावलं. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा सेल्फ मारला तेव्हा मीटरवर ०.१ होतं.

प्रत्येक बंद पडणारी जुनी गाडी अर्थमुळेच पडते असं नाही. गाडी तापल्यावर बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर काही झालंच नव्हतं अशी सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते ईसीयूला कळवणारा) किंवा गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (तो चालू-बंद करणारा स्विच) आधी बघावा. दिवे वगैरे सगळं ठीक आणि फक्त आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना, मरत असेल तर इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करून बघावी. पण दिवे, घड्याळ, वायपर आणि इंजिन अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकदम बिघडू लागल्या, तर काहीही बदलायच्या आधी अर्थिंग मोजा.

बायकोच्या फोनमधली यादी अजून तशीच आहे. शेवटची नोंद २३ फेब्रुवारीची. काल सकाळी बाहेर उणे १४ होतं, मागची काच पूर्ण गोठलेली. ती गाडीत बसली, काचेच्या हीटरचं बटण दाबलं, ब्लोअर मोठा केला आणि त्याच चौकातून डावीकडे वळून कामावर गेली.