फायनल, हात लावू नये

सबमिशनच्या आदल्या दुपारी डिप्लोमाच्या कुठल्याही लॅबमध्ये डोकावून बघा. 'लायब्ररी मॅनेजमेंट' हा सनातन प्रोजेक्ट, आणि डेस्कटॉपवर त्याची पिलावळ: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी सांगितलेलं', 'फायनल चालणारं हात लावू नये'. सगळ्यात जास्त हात लागलेला असतो तो या शेवटच्यालाच.

यातलं ताजं कोणतं? तारखेवर विसंबू नये. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की 'मॉडिफाइड' जुनीच राहते, 'क्रिएटेड' मात्र आजची होते. म्हणजे जन्माआधीच बदललेली फाइल! त्यात कुणी जुनी फाइल नुसती बघायला उघडावी, चुकून एक स्पेस पडावी, सवयीने कंट्रोल-एस दाबलं जावं. झाली तीच सगळ्यात नवी.

शाळेत कच्ची वही असायची आणि पक्की. पक्कीत रेघ मारून सुबक उत्तर. कच्चीत खाडाखोड, मागच्या पानावर फुली-गोळा. पण गणित कुठे घसरलं हे शोधायला कच्चीच लागायची, आणि रद्दीत आधी तीच जायची. ही फोल्डरं म्हणजे पक्क्या वह्यांचा ढीग. कुठवर आलो ते सगळं आहे, का आलो ते कुठेच नाही.

गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर, नेमकं ते 'का' मागतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५च्या एप्रिलमध्ये ते लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, लिहिलं, कारण तोवर वापरात असलेलं बिटकीपर हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट मिळणं बंद झालं होतं. एवढ्या अवाढव्य कामासाठी बनलेलं हत्यार तीन फाइलींच्या प्रोजेक्टलाही चालतं. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'गिट इनिट', की इतिहास जपणं सुरू. मग गिटइग्नोअर फाइल, म्हणजे गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी, आणि ती पहिल्या 'गिट ॲड'च्या आधीच. त्यात नोड मॉड्यूल्स आणि पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (दोन्ही बाहेरून आणलेल्या तयार कोडची फोल्डरं), पासवर्ड असलेली फाइल. उशीर झाला तर नुसतं नाव लिहून भागत नाही. गिट जिच्यावर नजर ठेवू लागलं ती फाइल 'गिट आरएम' कॅश्ड पर्यायासह चालवून सोडवावी लागते. त्यानंतर 'गिट ॲड'ने बदल निवडायचे, 'गिट कमिट'ने ते मेसेजसह नोंदवायचे. पहिल्याच कमिटला गिट नाव-ईमेल मागून अडून बसलं तर घाबरू नये, 'गिट कॉन्फिग'ने एकदा सांगितलं की झालं.

कमिटच्या मेसेजात 'अपडेट' किंवा 'चेंजेस' लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. बदल झाला म्हणूनच तर कमिट केलं ना? 'उशिराच्या पुस्तकाचा दंड उणे येत होता, तारखांची वजाबाकी उलटी होती' असं लिहावं. व्हायवाला एक्सटर्नलने विचारलं तर हेच वाचून दाखवता येतं. आणि एका कमिटात एकच काम. दंडाची दुरुस्ती आणि बटणाचा रंग एकत्र टाकला, की पुढे रंग मागे घेताना दंडही परत उणे होतो.

ब्रँचचं, म्हणजे मुख्य कामाला धक्का न लावता काढलेल्या वेगळ्या फाट्याचं, सुरुवातीला फार कौतुक नको. धाडसी प्रयोग असेल तेव्हा 'गिट स्विच -सी' आणि पुढे नाव, पुरे. जुनं कमिट उघडल्यावर 'डिटॅच्ड हेड' असं भयंकर काही दिसतं, म्हणजे आपण कुठल्याच ब्रँचवर नाही एवढंच, ते निरुपद्रवी असतं. फक्त तिथे नवं काम करायचं तर आधी ब्रँच काढावी. खरा धोका फाइल आधीच्या रूपात परत नेणाऱ्या, साध्यासुध्या दिसणाऱ्या 'गिट रिस्टोर'चा. कमिट न केलेला बदल त्याने एकदा पुसला, की गिटकडेही त्याची आठवण नसते.

कमिट झालेलं मात्र गिट सहजासहजी विसरत नाही. डेटाबेसचा पासवर्ड एकदा कमिटात गेला, मग ती ओळ काढून नवं कमिट केलं, तरी मागच्यात तो जसाच्या तसा असतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ते सार्वजनिक पुश झालं, म्हणजे चढवलं गेलं असेल, तर आधी पासवर्ड बदलायचा, लगेच. इतिहास साफ करणं वगैरे नंतर.