तुम्ही विचारलंत म्हणून: बाजार थंड असताना एजंटने दिसायचं कुठे?

"मार्केट बसलंय, फोन वाजत नाहीत, मग लोकांच्या नजरेत राहायचं कसं?" घरांच्या व्यवहारातले नवीन एजंट हे विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि विचारता विचारता उत्तरही तेच देऊन टाकतात: रोज एक रील टाका, चौकात बॅनर लावा, प्रॉपर्टी पोर्टलचं मोठं पॅकेज घ्या. मला ते उत्तर अपुरं वाटतं आणि का वाटतं ते फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. हे सगळं पुण्यातल्या घरांच्या रीसेल (म्हणजे जुन्या घरांची विक्री) आणि भाड्याच्या कामाबद्दल आहे. नवीन प्रोजेक्टमधली घरं बिल्डरसाठी विकणाऱ्या चॅनल पार्टनरचं गणित वेगळं असतं, त्यात मी शिरत नाही.

थंड बाजारात घेणारा नाहीसा होत नाही, तो थांबतो. थांबलेल्या माणसाला फ्लॅट दाखवून उपयोग नसतो, कारण बघायला जाण्याइतका त्याचा निर्णयच झालेला नसतो. पण त्याला प्रश्न असतात. शेजारच्या इमारतीत व्यवहार खरंच कितीला झाला? वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकता येईल का? विकला जाईपर्यंत भाड्याने दिला तर अडकेल का? एजंट दिसायला हवा तो या प्रश्नांपाशी. "संपर्क करा, सर्वोत्तम दर" असा फोटो रोज पाठवणारा माणूस दिसतो खरा, पण लोक त्याला म्यूट करतात.

पहिली गोष्ट, हद्द लहान ठेवा. "संपूर्ण पुणे, पीसीएमसी" असं कार्डावर छापणाऱ्याला कुठलीच गल्ली नीट माहीत नसते. चाळीस-पन्नास सोसायट्या धरा आणि प्रत्येकीची एक नोंद करा: भोगवटा पत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) कोणत्या साली मिळालं, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, पार्किंग झाकलेलं की उघडं आणि ते अलॉटमेंट लेटरवर आहे की नुसत्या तोंडी व्यवस्थेवर, उन्हाळ्यात टँकर येतात का, मेंटेनन्स किती, रीडेव्हलपमेंटची बोलणी कुठवर आली. ही वही भरायला मंदीसारखा काळ नाही. बाजार गरम असतो तेव्हा सेक्रेटरींना वेळ नसतो आणि आपल्यालाही.

दुसरी, भावाची नोंद. ज्या बाबतीत मी मनापासून आग्रही आहे ती ही. पोर्टलवर दिसतो तो मालकाचा मागणीचा आकडा. झालेल्या व्यवहाराचा आकडा इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी सारांशात, असतो आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तो कुणालाही शोधता येतो. महिन्यातून एकदा आपल्या सोसायट्यांचे इंडेक्स टू काढायचे आणि मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढी नोंद तयार करायची: सोसायटी, महिना, मजला, क्षेत्रफळ, रक्कम. नावं अजिबात घालायची नाहीत.

चूक होते ती क्षेत्रफळात. समजा रक्कम ८२ लाख आहे आणि कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली जागा, ६४० चौरस फूट. चौरस फुटाला भाव आला साधारण १२,८०० रुपये. पण जुन्या करारात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं. २० टक्के वाढवलं तर तेच घर ७६८ चौरस फुटांचं होतं आणि भाव येतो १०,७०० च्या आत. व्यवहार एकच, दोन आकड्यांत दोन हजारांहून जास्त फरक. कुठलं क्षेत्रफळ धरलं ते न लिहिता नोंद पाठवली, तर घेणाऱ्याला भाव पडल्यासारखा वाटतो, देणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं आणि दोघेही तुमच्यावर चिडतात. शिवाय रकमेत पार्किंग धरलंय का, फर्निचरचा वेगळा करार झालाय का, घरातल्या घरात झालेला व्यवहार आहे का, हे तपासायचं. शंका असेल तो व्यवहार गाळायचा. चार व्यवहारांची खात्रीची नोंद चाळीस आकड्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त फॉरवर्ड होते.

ती पाठवायची कशी, तर ज्यांनी मागितली त्यांनाच. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. अनेक एजंट महिनोन्‌महिने मेसेज पाठवत राहतात आणि समोर काहीच उमटत नाही, याचं साधं कारण बहुतेक वेळा हेच असतं. प्रत्यक्ष भेटीत, सोसायटीच्या ऑफिसात, चावी घेताना "माझा नंबर सेव्ह करा, महिन्याला एकच मेसेज येईल" असं सांगावं लागतं, आणि मग खरोखर एकच पाठवावा लागतो. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर फोन करू नका. समोरचा डीएनडीवर असेल (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद त्याने केली असेल) तर तक्रार होते, आणि तक्रार झाली नाही तरी नाव जातं.

तिसरी गोष्ट, मालकाचे कागद आधीच बघून देणं. त्यासाठी २०२० बद्दल सांगतो. "कागद बघून देण्याने ग्राहक कसा मिळेल?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी त्या वर्षाकडे बघायला सांगतो.

मार्चअखेर लॉकडाउन लागला, दस्त नोंदवणारी दुय्यम निबंधक कार्यालयं बंद झाली, आणि उन्हाळाभर आमच्या धंद्यात शुभेच्छांखेरीज काही हललं नाही. मग २६ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्के. पाच महिने झोपलेला बाजार आठवड्याभरात उठला. ८० लाखांच्या घरावर ३ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. थांबलेले सगळे घेणारे एकदम निघाले आणि प्रत्येकाला ३१ डिसेंबरच्या आत सही हवी होती. त्या तारखेपर्यंत शुल्क भरून सही झाली असेल तर नोंदणीला पुढे चार महिने मिळत होते. अडचण नोंदणीची नव्हती, सहीची होती.

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, ८० लाखांना ठरलेला. टोकन झालं. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर होतं. मूळ मालक काही वर्षांपूर्वी वारले होते, नॉमिनेशन मोठ्या मुलाचं होतं आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) त्याच्या नावावर करून दिलं होतं. घरातले सगळे त्यालाच मालक धरून चालले होते. बँकेच्या वकिलाने फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर थांबवली: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या आणा किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र आणा. बहीण न्यू जर्सीत. तिची ना नव्हती, भावाला सगळं द्यायला ती तयार होती. पण कुलमुखत्यारपत्र तिकडे नोटरी करायचं, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) किंवा भारतीय वकिलातीचा शिक्का घ्यायचा, मूळ कागद कुरिअरने आणायचा, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, आणि मग त्या मुखत्यारपत्रावर हक्कसोडपत्र नोंदवायचं. साथीच्या दिवसांत तिकडची कार्यालयंही रखडत चालत होती. मुखत्यारपत्राचा पहिला मसुदा परत आला, कारण त्यात "विक्री" होतं आणि "हक्कसोड" नव्हतं. दुसरा निघेपर्यंत डिसेंबर संपत आला. घेणाऱ्याने टोकन परत मागितलं आणि पुढच्याच गल्लीत, कागद तयार असलेला फ्लॅट घेतला. तो थांबला असता तर जानेवारीत त्याला ८० हजार रुपये जास्त पडले असते. त्याचं काही चुकलं नाही.

माझ्या मनाला यात लागतं ते एवढंच की त्या कुटुंबाला एप्रिल ते ऑगस्ट कितीतरी एजंटांचे मेसेज गेले होते. घरी राहा, सुरक्षित राहा, नागपंचमीच्या शुभेच्छा. शेअर सर्टिफिकेटवर आता कोणाचं नाव आहे आणि बाकीचे वारस कोण, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मेमध्ये विचारला असता तर हक्कसोडपत्रासाठी सहा-सात महिने हातात होते.

म्हणून मंदीत मालकांना फोन करायचा तो "विकायचंय का?" म्हणून नाही. फाइलमध्ये काय आहे ते विचारायला करायचा. मूळ करारनामा आणि त्याआधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, प्रत्येकीचा इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती. शेअर सर्टिफिकेट. भोगवटा पत्र. पार्किंगचं अलॉटमेंट लेटर. मिळकतकराची पावती. कर्ज चालू असेल तर बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्याची यादी, कारण ती मिळवायलाच कधीकधी आठवडे जातात. साखळीतला मधला एखादा करार हरवलेला असतो, जुन्या दस्तावर शुल्क कमी भरलेलं असतं, एका कागदावर "सुरेश" तर दुसऱ्यावर "सुरेशकुमार" असतं. यातली प्रत्येक गोष्ट सुटते, पण कुठलीच चार दिवसांत सुटत नाही. आणि टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) वकिलाचंच काम आहे, ते आपण करायचं नाही. आपण फक्त कुठला कागद नाही एवढं सांगायचं.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: एवढं फुकट का करायचं? मान्य आहे, यात महिनेच्या महिने एक रुपया मिळत नाही. ऑफिसचं भाडं भरायचं असतं, ऑफिसातल्या मुलाचा पगार द्यायचा असतो. तो भार भाड्याचं काम उचलतं. मोठे एजंट लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे भाड्याच्या कराराला, हात लावत नाहीत, हे मला समजत नाही. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली लहान वाटते, पण त्या कामात तुम्ही इमारतीत शिरता, सेक्रेटरी ओळखतात, वॉचमन ओळखतो, आणि भाडेकरू हा दोन-तीन वर्षांनंतरचा घेणारा असतो. इथे आकडे तोंडपाठ हवेत. महिना २५ हजार भाडं, ११ महिने, परत करायचं डिपॉझिट १ लाख. एकूण भाडं २ लाख ७५ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज मिळवा, बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क: ७०० रुपयांच्या आसपास. वर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एवढ्यासाठी मालक नोटरीचा कागद करून मोकळे होतात, आणि भाडेकरू अडून बसला की तो कागद पुरा पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकावर आहे, हे सांगणारा एजंट त्यांच्या लक्षात राहतो. करार संपायच्या दीड महिना आधी दोघांना फोन करा. मे-जूनमध्ये शाळांमुळे हलवाहलव होते, पितृपंधरवड्यात काही हलत नाही. स्मरणाच्या तारखा तशा लावा.

जुन्या ग्राहकांना फोन करायलाही कारण हवं. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नव्याने घर घेतलेल्यांतले बरेच जण तो भरतच नाहीत आणि जास्त कर भरत राहतात. ताबा दिल्यानंतर हा एक फोन करा. दिवाळीच्या मिठाईपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

नव्या प्रोजेक्टची जाहिरात करणार असाल तर प्रोजेक्टचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नंबर, क्यूआर कोड आणि तुमचा स्वतःचा एजंट नंबर हवाच. फोन वाजत नाहीत तोवर महारेराची परीक्षा आणि नूतनीकरण उरकून घ्या.

राहिलं पोर्टल. मंदी आली की पोर्टलचे पैसे आधी बंद करावेत, असं मी पूर्वी ठामपणे सांगत असे. एकच फ्लॅट सहा एजंटांनी सहा भावांना टाकलेला दिसला की घेणाऱ्याला त्या घरातच काहीतरी खोट वाटते. हे मत आजही तसंच आहे. पण बेंगळुरूहून बदली होऊन येणाऱ्याला ना आपली गल्ली माहीत, ना आपण. तो पोर्टलवरच शोधणार. मग निदान मालकाकडून लेखी घेऊन मोजकी घरं टाका, विकलेलं त्याच दिवशी काढा, फोटो सकाळच्या उजेडात आडवे काढा, आणि पार्किंग, लिफ्टपुढची जागा, खिडकीतून खरंच दिसतं ते दाखवा. समोर भिंत असेल तर भिंत दाखवा. तरीही मोठं पॅकेज घ्यावं की नाही, यावर माझं दोन्हीकडून भांडण चालूच असतं. गेल्या मंदीचा हिशेब या मंदीला लागू पडत नाही.

तसंच त्या भावाच्या नोंदीचं. ९५ लाखांची आस धरलेल्या मालकाच्या हातात ८२ लाखांचा इंडेक्स टू पडतो, तेव्हा तो दुखावतो आणि "पंचाण्णव आणून देतो" म्हणणाऱ्या दुसऱ्याकडे जातो. फ्लॅट तिथे आठ-दहा महिने पडून राहतो. काही मालक परत येतात, काही नाही. नोंद पाठवायचीच, पण ज्याचं घर त्याच सोसायटीत विकायला आहे त्याला ती जाण्याआधी स्वतः फोन करून आकडा सांगायचा, एवढी सुधारणा मी केली आहे. त्याने राग कमी होतो का, हे मालकामालकावर अवलंबून आहे.