जिंटीला चिप बसवावी का?

वारशात आलेल्या बहुतेक चीजवस्तूंचं काय करायचं ते ठरलेलं असतं. सोनं मोडून नवं घडवता येतं, जमिनीवरून भावकीत बोलणं बंद करता येतं, पुस्तकं ग्रंथालयाला देता येतात (ग्रंथालय नको म्हणतं, तो भाग वेगळा). खेळण्यातल्या आगगाडीबद्दल मात्र कुणी काही सांगून गेलेलं नसतं. पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक काळं इंजिन निघतं, दोन-तीन डबे, रुळांचे गंजके तुकडे आणि हाताला जड लागणारा एक कंट्रोलर. ब्रिटनमध्ये अशी खोकी माळ्यामाळ्यावर आहेत. साठच्या दशकात शिकायला किंवा इस्पितळात नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी माणसांच्या सामानातून काही इकडेही आली.

खोकं उघडणारा नातू असेल तर पहिला प्रश्न ठरलेला: हे डिजिटल करता येईल का? येतं. करावं का, याचं उत्तर मात्र एकाच खोक्यातल्या दोन इंजिनांसाठी वेगवेगळं निघू शकतं.

उदाहरणाला ट्रायँग या ब्रिटिश खेळणी कंपनीची जिंटी घेऊ. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या सहा चाकी शंटिंग इंजिनाचं हे मॉडेल १९५३ मध्ये आलं. डबल-ओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:७६, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. स्वस्त आणि दणकट, त्यामुळे वारशाच्या खोक्यात हीच सर्वांत जास्त सापडते.

जुन्या पद्धतीत रुळांत ० ते १२ व्होल्ट डीसी सोडतात. नॉब फिरवला की वेग वाढतो, उलट जायचं असेल तर प्लस-मायनसची अदलाबदल. वाड्यातल्या सामाईक नळासारखं हे प्रकरण: चावी एक, धार सगळ्यांना. दोन इंजिनं एका रुळावर ठेवली तर दोन्ही एकदमच निघणार. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत कायम सुमारे १५ व्होल्ट असतात आणि प्लस-मायनस सेकंदाला हजारो वेळा उलटत राहतं. हुकूम त्या उलटण्याच्या लयीतच दडलेला असतो: ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे १, शंभर किंवा त्याहून लांब म्हणजे ०. इंजिनातला डीकोडर, म्हणजेच ती चिप, आपल्या नंबरचा हुकूम ओळखतो, आलेली वीज डीसी करून घेतो आणि मोटरला तुकड्यातुकड्यांनी पुरवतो. नव्या डीकोडरचा नंबर ३ असतो. बदलून ९९९९ पर्यंत हवा तो देता येतो. ही पद्धत जर्मनीतल्या लेंझच्या कामातून ऐंशीच्या दशकाअखेरीस पुढे आली आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने नव्वदच्या दशकात तिचं मानक केलं. म्हणजे जिंटी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही ही चिप नव्हती.

म्हणून चिप विकत घेण्याआधी एकच परीक्षा: इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसीवर नीट चालतं का? दहा मिनिटं पुढे, दहा मिनिटं मागे, आणि बोटाने ढकलल्याशिवाय गोगलगायीच्या वेगाने निघता आलं पाहिजे. तिथे अडखळणारं इंजिन डिजिटलवर जास्त अडखळतं. डीसीवर क्षणभर वीज तुटली तर इंजिन आपल्या ओघात पुढे सरकतं, आपल्याला कळतही नाही. डिजिटलमध्ये तेवढ्यात डीकोडर बंद पडतो, पुन्हा जागा होतो, हुकूम यायची वाट बघतो आणि मग शून्यापासून वेग घेतो. जिंटीला वीज घ्यायला एकेका बाजूला तीनच चाकं. एक मळकं निघालं तरी गचके सुरू. स्टे-अलाइव्ह नावाचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) हे गचके झाकतो खरा, पण आधी चाकं पुसावीत, मग खरेदीला निघावं.

सर्व्हिसिंग काही फार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारं तांब्याचं कडं) पुसायचा, त्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी टूथपिकने कोरायच्या, बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. इथे हात सैल सोडला की घात होतो: जास्तीचं तेल कम्युटेटरवर उतरतं, कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो, आणि तो चिखल वीज वाहून नेतो. मोटर गरम होते, जोर कमी होतो, आणि दोष वयाला दिला जातो. चाकांना आणि रुळांना पॉलिश पेपर लावू नये. चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत घाण आधीपेक्षा घट्ट बसते.

मग करंट मोजायचा. मल्टीमीटर अँपिअरवर ठेवून एका वायरीत घालायचा, १२ व्होल्ट द्यायचे आणि चाकं बोटाने एक-दोन सेकंद घट्ट अडवायची, त्याहून जास्त नाही. मीटर दाखवेल तो मोटरचा अडकल्यावेळचा करंट. डिजिटलमध्ये रुळांत १५ व्होल्ट असतात, तेव्हा त्या आकड्याला सव्वाने गुणायचं: ०.७ अँपिअर आले तर सुमारे ०.९ धरायचे. एक अँपिअरचा डीकोडर हे झेपवतो. आकडा दीड-दोनकडे गेला तर बहुतेक वेळा चुंबक म्हातारं झालेलं असतं. ट्रायँगच्या एक्स ०४ मोटरचं चुंबक अल्निकोचं आहे. त्यातून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बाहेर काढताना पोलादाचा तुकडा आडवा लावला नाही तर त्याची ताकद तिथल्या तिथे घटते. युट्युब बघून कौतुकाने मोटर सुटी केलेली कितीतरी इंजिनं त्या दिवसापासून दमेकरी झाली आहेत. चुंबक पुन्हा भारून मिळतं, पण ते करणारा माणूस शोधावा लागतो.

खरी शस्त्रक्रिया त्या मोटरच्या स्प्रिंगपाशी. एक्स ०४ ला हेअरपिनसारखी एकच तार असते आणि तिचे दोन पाय दोन कार्बन ब्रश दाबून धरतात. एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, दुसरा उघडा. उघड्या पायातून तो ब्रश थेट मोटरच्या लोखंडाला आणि तिथून चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो, आणि चासी एका बाजूच्या चाकांना. डीसीवर ही काटकसर हुशारीची होती. डिजिटलमध्ये मात्र मोटरच्या दोन्ही टोकांचा रुळांशी काडीचाही संबंध नको. राहिला तर डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो. इलाज फारच स्वस्त: उघड्या पायावरही तशीच नळी चढवायची. वायरचं सोललेलं प्लास्टिक चालतं, पण जाड नको, नाहीतर ब्रशवरचा दाब बिघडतो. नंतर मल्टीमीटरने प्रत्येक ब्रश आणि चासी, प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक चाक अशी तपासणी. कुठेही बीप ऐकू आली तर पुढे जायचं नाही.

आता डाग द्यायला बसायचं. नारिंगी आणि करडी वायर दोन ब्रशना, लाल वायर इन्सुलेटेड बाजूच्या चाकांवर घासणाऱ्या पट्टीला, काळी चासीला. बाकीच्या पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या वगैरे वायरी दिव्यांसाठी. जिंटीला दिवे नसल्याने त्यांची टोकं कापून इन्सुलेट करायची. मोटरवर डाग दिलेला रेडिओची खरखर थांबवणारा कपॅसिटर असेल तर काढायचा, कारण डीकोडरच्या तुकड्यातुकड्यांच्या विजेला तो आडवा येतो. टेप लावायची ती चासीला. डीकोडरला मम्मीसारखं गुंडाळलं तर त्याची उष्णता आत कोंडते.

लगेच मुख्य रुळावर ठेवायचा मोह होतो. आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅक, म्हणजे डीकोडरची सेटिंगं वाचायचा-बदलायचा वेगळा रूळ. तिथे करंट मुद्दाम मर्यादित असतो, जोडणीत चूक असली तरी डीकोडर सहसा वाचतो. डीकोडरच्या सेटिंगांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १, म्हणजे इंजिनाचा नंबर, वाचून ३ आला तर जोडणी बरोबर. इंजिन उलटं धावलं तर पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवू नये. सीव्ही २९ मध्ये ६ असेल तर ७ लिहायचे, दिशा बदलते.

इंजिन तयार झालं तरी रूळ तयार असतील असं नाही. जुन्या सेटमधल्या वीज जोडायच्या तुकड्यात बऱ्याचदा कपॅसिटर असतो आणि तो डिजिटल संदेशाची वाट लावतो. तो काढावा किंवा तुकडाच बदलावा. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात, म्हणून कोड ७५ च्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) नाजूक रुळांवर ती खटखटत जातात. कोड १०० घ्यावेत, त्यांची उंची २.५४ मिलिमीटर. ही चाकं रुंदही असतात. सांध्यावर एक चाक दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकलं की डीसीवर नुसती ठिणगी उडायची, डिजिटलमध्ये अख्खं स्टेशन बंद पडतं. सांधे बदलणाऱ्या कॉइलना मात्र डिजिटल करायची गरज नाही, त्या आपल्या जुन्या १६ व्होल्टवर सुखात राहू शकतात.

एक पळवाट सर्रास सांगितली जाते: काही डीसीसी कंट्रोलर ० नंबरवर बिनचिपीचं इंजिनही चालवतात. चालवतात, पण मोटर कुणकुणते आणि उभ्या जागी तापते. पाच मिनिटांच्या गमतीला ठीक, गाडी तशीच उभी ठेवून चहाला जायला नाही.

हॉर्नबी डब्लो या दुसऱ्या ब्रिटिश बनावटीच्या तीन रुळांच्या गाड्यांनाही हेच तत्त्व लागू: मधला रूळ लालला, चासी काळीला, ब्रश दोघांपासून अलग. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या गाड्यांचं वेगळं. त्या एसीवर चालतात आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका देतात. २२० व्होल्टसाठी बनलेला जुना ट्रान्सफॉर्मर आजच्या २३० वर लावला की तो झटका आणखी वाढतो, आणि डीकोडरवाल्या इंजिनाला तो दिला की डीकोडर गेला. त्यांच्या जुन्या मोटरींत चुंबकाच्या जागी कॉइल असते, ती बदलावी लागते. घरच्या घरी करू नये अशा गोष्टींत हे घालायला हरकत नाही.

मग करावं काय? मूळ खोक्यासह, कुणी हात न लावलेलं इंजिन असेल तर चिप बसवून त्याची किंमत घटवू नये. जस्ताच्या ओतीव भागात भेगा दिसल्या, चासी फुगलेली वाटली, तर तो धातू आतून कुजतो आहे. त्याला औषध नाही, पैसे घालू नयेत. आवाजाच्या चिपेवर शंभर पौंडांच्या वर खर्च करण्याआधी जिंटीचे गिअर ऐकावेत. डिजिटल वाफेचे फुत्कार त्या घरघरीत ऐकू येणार नाहीत. पण पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात एकाच वेळी चहूकडे धावणाऱ्या गाड्या बघून घरी तसंच काही करायची हौस असेल, आणि खोक्यात चांगली चालणारी, खोकं हरवलेली, रंग उडालेली जिंटी असेल, तर तिला साधा वीस-पंचवीस पौंडांचा डीकोडर जरूर बसवावा. तारेवरची नळी उद्या काढताही येते. काढलेला कपॅसिटर एका पुडीत, इंजिनासोबतच ठेवावा.

बाकीच्या इंजिनांसाठी मधला रस्ता आहे. सहा टोकांचा, मध्ये बंद होणारा डीपीडीटी स्विच घ्यायचा: मधली दोन टोकं रुळांना, एका बाजूची दोन डीसी कंट्रोलरला, दुसऱ्या बाजूची दोन डिजिटलला. दोन्ही रूळ तोडले गेले पाहिजेत, एक नव्हे. आणि आख्खा लेआउट एकाच स्विचवर ठेवावा. अर्धा डीसी, अर्धा डिजिटल केला की कधीतरी एखादं इंजिन सीमेवर दोन्ही बाजूंना चाकं टेकवून उभं राहतं आणि दोन्ही कंट्रोलर एकमेकांना भिडतात.

खोक्यातला मूळ कंट्रोलर मात्र वापरू नये. ब्रिटन काय नि भारत काय, घरगुती वीज तेवढीच असल्याने तो चालूही होईल, पण साठ-सत्तर वर्षांत वायरीवरचं रबर विटून तुकडे पडायला लागलेलं असतं आणि खोकं पत्र्याचं असतं. शोकेसमध्ये ठेवताना प्लगसकट वायर कापून ठेवावी. संग्राहक ओरडतील, ओरडू द्यावं.